जुनी होडी : लांकडाची कीं कॉम्पोझिटची?

अमेरिकेंतील गोड्या पाण्याच्या तलावांवर ‘बास’ नांवाची मासळी गळानें धरण्याचा षोक फार आहे. त्यासाठीं बांधलेल्या वेगवान होड्या ताशीं ७० मैलांपर्यंत धांवतात. नवी होडी बेताच्या मिळकतीच्या माणसाला झेपत नाहीं. तो जुनी शोधूं लागतो, आणि पहिलाच प्रश्न पडतो : हिच्या पोटांत लांकूड आहे काय?

बाहेरून तें कळत नाहीं. लुइझियाना राज्यांतील श्रीव्हपोर्ट येथें १९४८ सालीं होम्स थर्मंड यांनीं बांधलेली होडी या जातींतील पहिली मानतात. ती उघड प्लायवुडची होती. पुढें कवच फायबरग्लासचें झालें, तरी आंतल्या तुळया, तक्तपोशी आणि पिछाडीची उभी भिंत यांत प्लायवुड पुष्कळ वर्षें राहिलें. ही भिंत म्हणजे होडीचें मर्मस्थान. २०० किलोंहून जड इंजिन तिलाच टांगलेलें असतें. ती भर वेगांत दगा देईल तर प्राणावर बेतेल.

लांकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओलावा व हवा दोन्ही लागतात. एखाद्या स्क्रूच्या भोंकांतून पाणी थेंबथेंब शिरतें. दोन्ही अंगांनीं मढविलेल्या फळीला तें वाळवितां येत नाहीं. वरून कवच चकचकीत, आंत भुसा! तेव्हां खरा अपराधी लांकडापेक्षां तें उघडें भोंकच. तें नीट बुजविलेलें असेल तर लांकडी भिंत वीस-तीस वर्षें सहज काढते.

कॉम्पोझिट कुजत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण. पण चिकटवण कच्ची असेल तर त्याचेहि थर सुटतात. आणि तराफ्यासाठीं भरलेला फोम पाणी पिऊन बसला, तर बिनलांकडी होडीहि जड होते. शिवाय ‘बिनलांकडी’ म्हणून विकणाऱ्याचें म्हणणें कधीं कधीं केवळ तुळयांपुरतेंच खरें असतें. भिंतीचें काय, हें निराळें विचारावें.

परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकच्या हातोडीनें भिंत ठोकावी. खणखणीत आवाज मधेंच बद्द झाला तर तेथें संशय घ्यावा. इंजिनाच्या खालच्या टोंकावर भार देऊन भिंतीची वरची कड लवते कीं काय तें पाहावें. पाण्याखालीं येणारा एखादा स्क्रू मालकाच्या परवानगीनें काढावा. भोंकांतून काळसर पाणी वा ओला भुसा आला, तर इंजिन उतरवून सबंध भिंत बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करूनच बोलणें करावें.