तट पडले, बोली राहिली

आमच्या शेजारचे जोडपे फ्रान्सला जाऊन आले आणि एका संध्याकाळी त्यांनी आम्हां उभयतांना चहाला बोलावून कार्कासोन नावाच्या मध्ययुगीन नगराची छायाचित्रे दाखविली. दुहेरी तट, बावन्न बुरूज आणि भोवती द्राक्षांचे मळे! घरी परतताना सौ. एवढेच म्हणाली, "आपली मजल पेणपर्यंत. तीही गणपतीच्या मूर्ती पाहायला."

बोलणे वर्मी लागले. नाताळच्या सुटीत मी जाहीर केले, "मध्ययुगीन नगरच पाहायचे ना? चल, चौल-रेवदंड्याला!"

पनवेलच्या स्टँडवर सकाळची अलिबागची एस.टी. धरली. कर्नाळ्याचा अंगठा मागे पडला आणि माझे व्याख्यान सुरू झाले. प्राध्यापकाच्या बायकोला खिडकीजवळची जागा मिळते ती याच मोलावर! अरब प्रवासी मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा हे भरभराटीचे बंदर होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथेच उतरला. पुढे पोर्तुगीज आले. शेजारच्या रेवदंड्याला त्यांनी तटबंदीचे नगर वसविले. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्या नगराने सोसला आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले.

अलिबागला बस बदलून रेवदंड्याला उतरलो. गाडीरस्ता तटातूनच आत जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या आडून डोकावणारे चर्चचे भग्नावशेष! सातखणी मनोरा आता अर्धामुर्धाच उरला आहे. एका कमानीवर वडाची मुळे घट्ट बसली होती. "तिकडे असते तर तिकीट लावून जपले असते," मी हळहळलो. सौ. म्हणाली, "इथे निदान माणसं तरी राहतात."

कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलो. किल्ला पाहून उतरताना गावात एका घरापुढे सौ.ने पाणी मागितले. म्हाताऱ्या बाई आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलल्या. पण आतल्या नातवाला त्यांनी हाक मारली ती निराळ्याच भाषेत. मी तर हरखूनच गेलो! वाचकहो, रेवदंड्याची पोर्तुगीज सत्ता गेल्यावर येथे वस्ती करून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची ही बोली. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. बोलणारी माणसे सुमारे हजार. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषापंडिताने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला.

परतीच्या एस.टी.त मी तोच विषय घोळवीत होतो. "पावणेतीनशेहून अधिक वर्षे त्या मूठभर लोकांनी बोली जपली! केवढे कौतुक!"

सौ. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माझ्या 'पानी'चं मात्र तुम्ही 'पाणी' केलंत."

मी गप्प झालो. तिचे माहेर उरणच्या बाजूचे, मिठागरांजवळचे. घरची बोली आगरी. तिथे डोळ्याचा 'डोला' होतो, घोड्याचा 'घोरा'. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझे सहकारी फराळाला आले होते. त्यांच्यादेखत मी तिला 'पाणी म्हण' असे हसत हसत शिकविले होते. सारे हसले, तीही हसली. त्यानंतर ती बोली माझ्या घरात मी ऐकली ती फक्त टेलिफोनवर, तीही हळू आवाजात, आईशी बोलताना.

"आई गेली," ती म्हणाली. "आता तेवढंही बोलायला कुणी नाही."

मला कार्कासोन आठवले. तो मुलूख लांगदॉक. हे नावच तिथल्या भाषेवरून पडलेले. तिच्यात 'होय'ला 'ऑक' म्हणत, म्हणून 'ऑक'ची भाषा. कार्कासोनच्या तटांची मोठी डागडुजी १८५३ मध्ये सुरू झाली. आणि त्याच शतकात शाळेत ती भाषा बोलणाऱ्या मुलांना अपमानाची खूण बाळगायला लावीत. दगड सांभाळले, बोली लाजविली. त्या मास्तरांना मी वर्गात नावे ठेवली असती. माझ्या घरातला मास्तर मात्र मला इतकी वर्षे दिसला नव्हता.

पेणला गाडी थांबली. मी बाटली पुढे केली आणि जरा अवघडूनच म्हणालो, "पानी पिनार?"

ती हसली नाही. क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असं तोंडातल्या तोंडात नाही म्हणायचं. मोकळं म्हणा." आणि म्हणून दाखविले. पुढे बसलेल्या एका मावशींनी चमकून मागे पाहिले आणि "बाय, कंच्या गावची गो तू?" असे विचारले. मग दोघींची जी गट्टी जमली, तिच्यात मला शिरकाव नव्हता.

पनवेल येईपर्यंत मी मध्ये तीनदा तोंड घातले. तिन्ही वेळा माझ्या चुका निघाल्या.