प्रत उघडून पाहावी

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहून. पोथ्या अनेक ठिकाणी जपल्या गेल्या होत्या म्हणूनच ते कार्य घडले. ही गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. आपल्या शाळेच्या संकेतस्थळाबाबत मात्र तिचा आम्हांस विसर पडला.

बेळगाव परिसरातील आमच्या शाळेच्या मुलींनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि आजीच्या छायाचित्रासह संकेतस्थळावर घातल्या. पुढे सर्व्हर बिघडला. बॅकअप आहे, या भरवशावर आम्ही निश्चिंत होतो. प्रत उघडली, तो छायाचित्रे सारी जागच्या जागी. ओवी मात्र एकही नाही!

कारण साधे होते. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत छायाचित्रे, पानांची सजावट वगैरे फायली फोल्डरांत राहतात. लिहिलेला मजकूर, शीर्षके, तारखा हे सारे निराळ्या डेटाबेसमध्ये असते. आम्ही केवळ फोल्डर उतरवून घेत होतो. डेटाबेसची प्रत स्वतंत्रपणे काढावी लागते, आणि दोन्ही प्रती एकाच वेळच्या असाव्या लागतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. दोष आमचाच.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. नित्याचा बॅकअप निघतच नव्हता, आणि तसे कळविणाऱ्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या वेळची भर गेली ती गेलीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागली. ज्यांच्या प्रतीही तेथेच होत्या, त्यांचे मूळ आणि प्रत दोन्ही भस्मसात झाली.

म्हणून वाचकांस विनंती, की मूळ धरून तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत अन्य संगणकावर उभी करून वाचून पाहावी. अक्षरसंच चुकला तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात; फाईलच्या आकारावरून ते कळत नाही.

मुली पुन्हा वह्या घेऊन घरोघर गेल्या. बऱ्याच ओव्या परत मिळाल्या. दोन आज्या मात्र तोवर निवर्तल्या होत्या. त्यांची छायाचित्रे आमच्याजवळ आहेत, ओव्या नाहीत.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही नवी प्रत उघडतो आणि एखादी विद्यार्थिनी तीतील एक ओवी वर्गात मोठ्याने म्हणते. ती नीट ऐकू आली, म्हणजेच बॅकअप झाला असे आम्ही मानतो.