हिजरी 446 चा तारा आणि क्ष-किरणांची दिशा

हिजरी 446, म्हणजे इसवी सन 1054. बगदादचे ख्रिस्ती हकीम इब्न बुतलान तेव्हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये होते. मिथुन राशीत नवा तारा दिसला आणि त्याच सुमारास साथीने असंख्य माणसे दगावली, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढे तेराव्या शतकात दमास्कसचे मुस्लिम हकीम इब्न अबी उसैबिया यांनी आपल्या हकीमांच्या चरित्रग्रंथात ही नोंद उतरवून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. ताऱ्यामुळे साथ येते ही त्या काळची समजूत होती; ती बाजूला ठेवू. पण नोंद मोलाची आहे. चिनी निरीक्षकांनीही 4 जुलै 1054 रोजी नवा तारा टिपला होता. तो 23 दिवस दिवसाढवळ्या दिसत होता. दोन्ही नोंदी एकाच ताऱ्याच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

तो तारा जन्मत नव्हता, मरत होता. त्या स्फोटाचे अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. तो वृषभ तारकासमूहात, मिथुनच्या शेजारी, सुमारे 6500 प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या मध्यभागी उरलेला लहानसा, अतिघन तारा सेकंदाला सुमारे 30 वेळा स्वतःभोवती फिरतो आणि क्ष-किरण फेकतो. इतक्या दुरून तो ठिपक्यासारखा भासतो. मग तिथे काय चालले आहे हे कळावे कसे?

एक वाट ‘ध्रुवीकरणा’ची. वर्तमानपत्रात हा शब्द माणसे तुटण्यासाठी वापरतात. इथे अर्थ वेगळा. प्रकाश ही लहर आहे. तिची कंपने साधारणपणे सर्व दिशांना होतात. ती एकाच दिशेत होऊ लागली की प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश असाच असतो, म्हणून काही गॉगलमधून पाहिले की चकाकी कमी होते. चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे वेगवान इलेक्ट्रॉनही ध्रुवित किरण सोडतात. म्हणजे कंपनाची दिशा कळली की तिथल्या चुंबकीय क्षेत्राची ठेवण कळते.

क्ष-किरण मात्र गॉगलच्या काचेला जुमानत नाहीत. त्यासाठी युक्ती अशी: किरण एखाद्या पदार्थावर आदळू द्यायचा आणि तो कुठे उडतो ते पाहायचे. कंपनाच्या दिशेला काटकोनात तो जास्त वेळा उडतो. एका किरणावरून काही ठरत नाही. हजारो किरण मोजावे लागतात. त्यामुळे इथे सब्र लागतो. खेकडा तेजोमेघाचे पहिले भरवशाचे मोजमाप 1970 च्या दशकात अमेरिकेच्या ओएसओ-8 उपग्रहाने केले. ध्रुवीकरण सुमारे 19 टक्के निघाले.

या कामात भारताचाही वाटा आहे. 28 सप्टेंबर 2015 रोजी सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले एक उपकरण होते. त्याची माहिती हाताळणारे केंद्र पुण्याच्या ‘आयुका’त आहे. दीड वर्षाच्या निरीक्षणांचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ताऱ्याचा झोत आपल्याकडे नसतो, त्या वेळी ध्रुवीकरण स्थिर राहावे असा अंदाज होता. नेमके तेव्हाच ते सर्वाधिक बदलताना दिसले. प्रचलित सिद्धांतांना याचे उत्तर देता आले नाही. त्यानंतर 1 जानेवारी 2024 रोजी ‘इस्रो’ने खास याच कामासाठी ‘एक्स्पोसॅट’ पाठवला. त्यावरचे ‘पोलिक्स’ हे उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवले आहे.

कुरआनने आकाशाकडे पाहून विचार करण्याचे आवाहन वारंवार केले आहे. प्रत्येक नवा शोध आधीपासून आपल्याकडेच होता, असे संदेश मोबाइलवर पुढे ढकलले म्हणजे ते आवाहन पाळले, असे होत नाही. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास केला तो प्रयोग करून, थोरांचे म्हणणेही तपासून. एका ख्रिस्ती हकीमाची ओळ मुस्लिम हकीमाने जपली. तिच्यातल्या ताऱ्याचे किरण आज भारतातले शास्त्रज्ञ मोजत आहेत. घरातल्या मुला-मुलीने विज्ञान शाखा घ्यायची म्हटले, तर ही साखळी त्यांना जरूर सांगा. तिची पुढची कडी अजून जोडायची आहे.