पिकअप गाडीची खरेदी : किंमत, भरवसा आणि फेरविक्री

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यास बैलाची पारख शिकवावी लागत नाही. आर्वी, आष्टी व कारंजा या भागांतील गवळाऊ बैल घेताना तो दात पाहतो, चाल पाहतो, खांदा पाहतो. आणि पुढे विकण्याची वेळ आल्यास बाजारात काय भाव येईल याचाही अंदाज बांधतो. पिकअप गाडी घेताना मात्र पुष्कळदा विक्रेत्याने सांगितलेली किंमत व महिन्याचा हप्ता या दोनच गोष्टी पाहिल्या जातात. गाडी खरोखर कितीला पडली हे ती विकल्यानंतरच कळते. हा हिशेब खरेदीपूर्वी मांडणे फारसे अवघड नाही.

खरा खर्च कसा काढावा

गाडीच्या खरेदीच्या किमतीतून ती विकताना येणारी किंमत वजा करावी. त्यात दुरुस्तीचा खर्च मिळवावा. ऐन हंगामात गाडी बंद पडल्यामुळे भाड्याची गाडी करावी लागली, तर तो खर्चही त्यातच धरावा. खालील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत.

पहिली गाडी ९,५०,००० रुपयांस घेतली व ५ वर्षांनी ५,००,००० रुपयांस विकली. घट ४,५०,००० रुपये. दुरुस्तीस १,००,००० रुपये लागले. वर्षाला ३ दिवस याप्रमाणे १५ दिवस ती बंद राहिली. दिवसाला २,५०० रुपये भाडे धरल्यास ३७,५०० रुपये झाले. एकूण खर्च ५,८७,५०० रुपये.

दुसरी गाडी ८,५०,००० रुपयांस मिळाली, परंतु ५ वर्षांनी तिचे ३,००,००० रुपयेच आले. घट ५,५०,००० रुपये. दुरुस्ती १,७५,००० रुपये. वर्षाला ८ याप्रमाणे ४० दिवस बंद, म्हणजे १,००,००० रुपये भाडे. एकूण खर्च ८,२५,००० रुपये.

घेताना १ लाख रुपयांनी स्वस्त वाटलेली गाडी अखेरीस २,३७,५०० रुपयांनी महाग पडली. पहिल्या गाडीसाठी जादा लागलेल्या १ लाखावर १० टक्के दराने ५ वर्षांचे ५०,००० रुपये व्याज धरले, तरीही तीच स्वस्त ठरते.

याच उदाहरणावरून आणखी एक गोष्ट दिसून येते. पहिल्या गाडीचा वार्षिक खर्च १,१७,५०० रुपये आहे. एवढ्या रकमेत ४७ दिवस भाड्याची गाडी करता येते. स्वतःच्या गाडीस विमा, डिझेल व चालक यांचा खर्च निराळाच. ज्याला वर्षातून थोडेच दिवस गाडी लागते, त्याने भाड्याने माल नेणे किंवा दोघा-चौघांनी मिळून गाडी घेणे हेच फायद्याचे होय.

भरवसा कशाने ठरतो

संत्र्याची तोड झाली की माल थांबवून ठेवता येत नाही. कारंजा भागातून नागपूरच्या कळमना बाजारास निघालेली गाडी वाटेत बंद पडल्यास त्या दिवसाचा भाव तर हुकतोच, शिवाय फळही उतरू लागते. हिंगणघाटच्या बाजारात जाणारा कापूस एखादा दिवस थांबू शकतो. भाजीपाला थांबू शकत नाही. म्हणून नाशवंत माल वाहणाऱ्याने गाडीच्या भरवशाला अधिक किंमत द्यावी.

गाडी न बिघडणे एवढ्यावरच भरवसा ठरत नाही. बिघडल्यावर ती किती लवकर दुरुस्त होते हेही पाहावे लागते. तालुक्याच्या गावी तिचे सुटे भाग मिळतात काय, तेथील मिस्त्रीला तिचे काम येते काय, याची चौकशी करावी. काळ्या जमिनीतील पांदण रस्त्याने पावसाळ्यात जाणे असेल तर पाटे, टायर व गाडीची जमिनीपासूनची उंची यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्याच बनावटीची गाडी तीन-चार वर्षे चालविणाऱ्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष विचारावे.

फेरविक्रीचा भाव

परिसरात जी गाडी पुष्कळ चालते, तिचे भाग मिळतात, मिस्त्री मिळतो, आणि त्यामुळेच जुनी झाली तरी गिऱ्हाईक मिळते. भरवसा व फेरविक्री यांचे मूळ असे एकच आहे.

गाडी केव्हा विकावी यालाही महत्त्व आहे. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, ज्यास व्यवहारात पासिंग म्हणतात, ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. घेणारा हे ध्यानात ठेवूनच भाव करतो. नव्या गाडीची किंमत उतरली की जुन्या गाडीचा भावही उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला. तेव्हा जुनी गाडी घेताना त्यापूर्वीचे भाव प्रमाण मानू नयेत.

जुनी गाडी पाहताना

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळसर धूर येत असल्यास इंजिन तेल जाळीत आहे असे समजावे. हौद्याखाली वाकून चॅसीला जोड दिला आहे काय ते पाहावे. असा जोड बहुधा अपघाताची किंवा जादा भाराची खूण असतो. टायर एकाच बाजूने झिजले असल्यास कारण विचारावे. चॅसी क्रमांक आर. सी. बुकाशी ताडून घ्यावा. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन तो उतरविल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

नाव बदलणे अत्यावश्यक

गाडी विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली, एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला की, गाडी हातोहात विकली गेली तरी नोंद ज्याच्या नावे आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरला जाईल. अपघाताच्या वेळी विमा नसल्यास विकून टाकलेल्या गाडीपायी विकणाऱ्याची शेतजमीनही अडचणीत येऊ शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील हिशेब गावातील चावडीवर किंवा शेतकरी गटाच्या सभेत फळ्यावर मांडून दाखवावा. आकडे त्या गावचेच घ्यावेत : गावातील गाडीमालकांना आलेला दुरुस्तीचा खर्च, गाडी बंद राहिलेले दिवस व विकताना मिळालेला भाव. शेतकऱ्याने ते आकडे वहीत उतरवून घ्यावेत व त्यानंतरच गाडीची इसार रक्कम द्यावी.