नत्राच्या आडवाटा

बीड जिल्ह्यातून बालाघाटच्या डोंगररांगा गेल्या आहेत. सिंदफणा नदी याच डोंगरांत उगम पावते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा तिला येऊन मिळते. पुढे माजलगावच्या धरणात सिंदफणेचे पाणी अडते, आणि तेथून खाली मंजरथ येथे ती गोदावरीस मिळते. म्हणजे बीडजवळच्या एखाद्या शेतातून वाहून गेलेले पाणी बंगालच्या उपसागरापर्यंतही जाऊ शकते. हे पाणी एकटे जात नाही. ते माती नेते, हे त्याच्या गढूळ रंगावरून आपल्याला कळते. परंतु डोळ्यांना न दिसणारी आणखी एक वस्तू त्याच्याबरोबर जाते. ती म्हणजे नत्र.

नत्रावाचून कोणतेही पीक वाढत नाही. हवेत शंभरापैकी सुमारे 78 भाग नत्रच आहे. पण हवेतले नत्र बहुतेक पिकांना घेता येत नाही. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकाच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. कापूस, ऊस, ज्वारी यांना अशी सोय नाही. म्हणून शेतकरी त्यांना शेणखत घालतो किंवा युरियासारखे रासायनिक खत देतो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते.

हे सगळे नत्र पिकाच्या पदरी पडते काय? नाही. जगभरच्या शेतीचा विचार केला, तर निम्म्याच्या आसपासच नत्र पिके घेतात. उरलेल्यापैकी काही मातीतच राहते, आणि काही दोन आडवाटांनी शेताबाहेर जाते.

पहिली वाट हवेची. युरिया जमिनीवर नुसता फेकून दिला आणि त्यावर माती पडली नाही, तर त्याचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. वारा त्याला दूर नेतो आणि तो कोठे तरी डोंगरावर, तळ्यात किंवा दुसऱ्याच्या रानात पुन्हा उतरतो. दुसरी वाट पाण्याची. मातीतील जंतू अमोनियाचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, आणि मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. मोठा पाऊस झाला किंवा पाटाचे पाणी अधिक दिले, की ते मुळांच्या खाली निसटते व विहिरींत आणि नद्यांत उतरते.

एवढ्याने त्याचा प्रवास संपत नाही. धरणाच्या व नदीच्या तळाशी गाळ असतो. तेथे प्राणवायू फार कमी मिळतो. अशा ठिकाणचे काही जंतू नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेऊन जगतात. त्यांच्या या खटाटोपात नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि हवेत मिसळतो. खत पडले शेतात, आणि वायू निघाला कित्येक कोस दूरच्या पाण्यातून! म्हणून शास्त्रज्ञ याला शेतजमिनीचे अप्रत्यक्ष उत्सर्जन म्हणतात. शेतातूनच जो वायू सुटतो, ते प्रत्यक्ष उत्सर्जन होय.

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1772 साली हा वायू शोधून काढला. तो हुंगला असता हसू येते. म्हणून त्यास हसविणारा वायू असेही म्हणतात. वेदना कमी करण्यासाठी डॉक्टर त्याचा उपयोग करतात. परंतु वातावरणात साठणारा हा वायू हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर 1 किलो नायट्रस ऑक्साइड 273 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. शिवाय सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थरालाही तो झिजवतो.

1992 साली जगातील राष्ट्रांनी हवामानबदलाविषयी करार केला. त्यानुसार भारतासह अनेक देश आपापल्या वायूंचा हिशेब सादर करतात. प्रत्येक नदीवर मोजमापाचे यंत्र बसविणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी काही प्रमाणे ठरवून दिली आहेत. 2019 साली सुधारलेल्या प्रमाणांनुसार रासायनिक खतातून 100 किलो नत्र दिले, तर सुमारे 11 किलो हवेच्या वाटेने जाते. जमिनीत मावणार नाही इतके पाणी जेथे पडते, तेथे सुमारे 24 किलो पाण्याच्या वाटेने जाते. त्यांपैकी शंभरात जेमतेम एक भाग नायट्रस ऑक्साइडचे रूप घेतो. तो वायू 600 ग्रॅमही भरत नाही. पण त्याची उष्णता अडविण्याची शक्ती सुमारे 160 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी होते. हा केवळ पाच गोण्या युरियाचा हिशेब झाला!

या हिशेबात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोरड्या मुलखात पाणी मुळांखाली उतरत नसेल, तर पाण्याच्या वाटेची गळती धरत नाहीत. ओलिताच्या शेतात ती धरतात. मात्र ठिबकने दिलेल्या पाण्यास यातून वगळले आहे. म्हणजे बीडमधील कोरडवाहू ज्वारी आणि पाटाच्या पाण्यावरचा ऊस यांचा हिशेब सारखा नाही.

निसटलेल्या नत्राची झळ गावालाही लागते. पिण्याच्या एक लिटर पाण्यात 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे आपल्या देशाचे मानक सांगते. ते फार वाढले, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. आणि शेतकऱ्याने पदरमोड करून घेतलेले खत वाया जाते, ते निराळेच.

उपाय शेतकऱ्यांच्या आवाक्यातले आहेत. माती तपासून खताची मात्रा ठरवावी. ते एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. पाभरीने पेरून मातीआड करावे. पाणी बेताने द्यावे. पिकांची फेरपालट करून तूर, मूग, हरभरा यांना जागा द्यावी. पिकाला हवे तेव्हा व हवे तेवढेच नत्र मिळाले, म्हणजे आडवाटेने जाण्यास ते फारसे उरत नाही. बांध घालून आपण शेताची हद्द ठरवतो. परंतु वारा आणि पाणी ती हद्द मानत नाहीत. म्हणून आपल्या शेतातून काय बाहेर जाते, याचीही काळजी शेतकऱ्याने घेतली पाहिजे.