फेफऱ्याचें औषध आणि बालकाचें यकृत

गोंदिया जिल्ह्यांत, छत्तीसगडच्या सीमेजवळ देवरी हें तालुक्याचें गांव आहे. या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आजार परिचित आहे. मातापिता वरकरणी निरोगी असतात. पण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडूनही मुलास मिळाली म्हणजे विकार प्रकट होतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास ती भीति चारांत एक इतकी असते. हा हिशेब ज्यांस कळला, त्यांस पुढील गोष्ट समजण्यास अडचण पडूं नये.

फेफऱ्यावर व्हॅल्प्रोएट हें औषध जगभर दिलें जातें. फ्रान्समध्यें १९६२ सालीं पियेर एमार हे दुसरींच द्रव्यें तपासत होते. तीं विरघळविण्यासाठीं घेतलेल्या व्हॅल्प्रोइक आम्लाचाच झटके थांबविण्याचा गुण निघाला! तेव्हांपासून असंख्य मुलांस त्यानें आराम पडला आहे. परंतु क्वचित् एखाद्या बालकाचें यकृत त्यानें निकामी होतें. दोन वर्षांखालील आणि फेफऱ्याचीं अनेक औषधें घेणाऱ्या मुलांस हा धोका विशेष.

याचें एक कारण आतां उलगडलें आहे. पेशींस शक्ति पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा स्वतःचा डी.एन.ए. असतो. त्याची नक्कल करणारें प्रथिन 'पी.ओ.एल.जी.' या जनुकाच्या आधारें घडतें. त्यांत दोष असला कीं व्हॅल्प्रोएटचा भार यकृतास सोसत नाहीं. अल्पर्स-हुटेनलोकर हा घातक विकार यांतलाच. अशा मुलांस हें औषध वर्ज्य आहे. जनुकाची परीक्षा रक्तावरून होते.

मग आईबापांनीं काय करावें? घराण्यांत एखादें मूल झटके येऊन व यकृत बिघडून दगावलें असेल, किंवा आपलें मूल शिकलेलें चालणें-बोलणें विसरत असेल, तर औषध सुरू होण्यापूर्वींच डॉक्टरांस निःसंकोच सांगावें. मामेबहिणीशीं विवाह झाला असल्यास तेंही सांगावें. औषध सुरू झाल्यावर, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, वांत्या, अन्नावरील वासना उडणें, सुस्ती, कावीळ, किंवा झटके एकाएकीं वाढणें हीं चिन्हें दिसतांच त्याच दिवशीं मूल दवाखान्यांत न्यावें. मागील तपासणी निर्दोष होती म्हणून स्वस्थ बसूं नये.

मात्र भिऊन घरच्या घरीं औषध बंद करूं नये; तसें केल्यास न थांबणारे झटके येऊन जीवावर बेततें. औषध बदलणें हें डॉक्टरांचें काम. त्यांस वेळींच खरी हकीकत सांगणें हें आपलें. जेथें मोठें रुग्णालय दूर, तेथें आईची सावध नजर हीच पहिली तपासणी होय.