धरणातून वाचलेले घर

गेल्या महिन्यात मंडळातली काही कुटुंबे मिळून आम्ही योकोहामाच्या सांकेइएन बागेत गेलो होतो. तलाव पाहिला, पॅगोडा पाहिला, डबे संपवले. पण खरे रमलो ते यानोहारा यांच्या घरात.

गवताने शाकारलेले हे प्रचंड घर मूळचे इथले नव्हे. ते गिफु प्रांतातल्या शिराकावा-गो भागातले, अठराव्या शतकातले. मिबोरो धरणात बुडणार म्हणून ते सुटे करून १९६० साली इथे आणले आणि पुन्हा उभारले. छपराची दोन पाखी जोडलेल्या हातांसारखी. म्हणून या बांधणीला ‘गास्शो’ म्हणतात. बर्फ साचू नये म्हणून एवढा उतार. अशा घरांच्या माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. गंमत म्हणजे ही बाग वसवणारे हारा सांकेइ रेशमाचेच मोठे व्यापारी!

आत शिरताच धुराचा वास आला. इरोरी, म्हणजे जमिनीतली चौकोनी शेगडी, इथे रोज पेटवतात. नुसती शोभा नव्हे. धुराने छप्पर कोरडे राहते, कीड लागत नाही. आमच्यातल्या रसायनवाल्यांना मात्र दुसरेच कौतुक. शिराकावा-गोच्या मुलुखात शेगडीजवळ जमिनीत खड्डा खणून माती, रानपाला आणि रेशीमकिड्यांची विष्ठा थरावर थर रचून कुजवत. शेगडीच्या उबेने जंतूंचे काम हिवाळ्यातही चाले. काही वर्षांनी ती माती पाण्याने धुऊन, त्या पाण्यात लाकडाची राख घालून उकळले की सोरा मिळे. बंदुकीची दारू करायला तोच लागे. वर रेशीम, खाली दारू!

मुले वरच्या मजल्यावर जुनी शेतीची अवजारे पाहायला पळाली. पण साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी शेगडीपाशीच बसून राहिल्या. त्या दहा वर्षांच्या असताना त्यांचे घर कोयना धरणात गेले. घराची हकीगत त्यांना सांगितली, तर काळ्या झालेल्या खांबावरून हात फिरवत म्हणाल्या, “आमची तुळई तरी काढायची होती. वडील म्हणाले, न्यायची कुठं?” नातीने विचारले, “आजी, तुळई म्हणजे?” आजींनी वर बोट दाखवले आणि मग अर्धा तास माजघर, ओटी, उतरंड, सगळे घर तिला तिथेच हिंडवून आणले. आम्हीही ऐकत बसलो. बस चुकली.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नेगिशी स्टेशनवरून बस धरावी. बूट बाहेर काढावे लागतात. मोजे धडके घाला. आमच्यापैकी एकांची फजिती झाली, नाव छापत नाही.